टायरातले मणी आणि सातपुड्याचा रस्ता

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मोटारसायकलच्या टायरच्या आत मणी घालतात, असं कुणी सांगितलं तर पहिल्यांदा चेष्टाच वाटते. गळ्यात घालायची वस्तू टायरात कशाला? पण ही चेष्टा नाही. काचेचे किंवा सिरॅमिकचे, मोहरीएवढे, कधी त्याहून थोडे मोठे, अगदी गुळगुळीत मणी असतात. पुढच्या चाकात एक औंस, म्हणजे साधारण २८ ग्रॅम, आणि मागच्या चाकात त्याच्या दुप्पट, असं प्रमाण सहसा सांगतात. हे मणी टायरमध्ये सुटेच टाकायचे, कुठं चिकटवायचे नाहीत. चाक फिरायला लागलं की ते आपणहून योग्य जागी जाऊन बसतात आणि चाकाचा तोल सांभाळतात, असा विकणाऱ्यांचा दावा. अमेरिका-कॅनडात ट्रकवाले आणि मोटारसायकलवाले ते बरीच वर्षं वापरत आलेत. तिकडे त्यांना बॅलन्सिंग बीड्स म्हणतात. आता ते घरबसल्या मागवता येतात, आणि त्यांचे व्हिडिओ मोबाइलवरून थेट सातपुड्यातल्या गावांपर्यंत पोचले आहेत.

मी नंदुरबार जिल्ह्यात एका आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा विषय बरीच वर्षं शिकवला. निवृत्तीनंतरही जुने विद्यार्थी त्यांच्या गॅरेजवर बोलावतात, आणि मी जातो. अशाच एका गॅरेजवर काठी गावचा एक तरुण भेटला. अक्कलकुवा तालुक्यातलं हे काठी. होळीमुळे त्याचं नाव महाराष्ट्रभर माहीत आहे. पूर्वीच्या काठी संस्थानची ही राजवाडी होळी. साडेसातशेहून अधिक वर्षांची परंपरा तिला सांगतात. रात्रभर ढोल वाजत असतो, बुध्या नाचत असतात आणि होळी पेटते ती पहाटे. पूर्वी माणसं डोंगरवाटांनी चालत यायची. आता महाराष्ट्र, गुजरात, मध्य प्रदेश अशा तिन्ही राज्यांतून जीपगाड्या आणि मोटारसायकली येतात. एकेका मोटारसायकलवर तिघं, कधी चौघं.

त्या तरुणाची अडचण अशी. मोलगीहून देवगोई घाट उतरून तो अक्कलकुव्याला येतो तोवर गाडी ठीक. तिथून अंकलेश्वर-बऱ्हाणपूर महामार्गाला लागला, वेग साठ-पासष्टच्या पुढं गेला, की हँडल थरथरायला लागतं. मागं बायको असते, कधी पोरगंही. त्यानं व्हिडिओ पाहिला होता. त्याचा प्रश्न सरळ होता, "सर, ते मणी घालू का?"

याचं उत्तर एका शब्दात देता येत नाही. मणी चांगले की वाईट हा मुद्दाच नाही. थरथर कशामुळे होते आहे, गाडी कुठल्या रस्त्यानं आणि किती वेगानं चालते, आणि टायरात ट्यूब आहे की नाही, यावर सगळं अवलंबून आहे.

आधी चाकाचा तोल म्हणजे काय ते पाहू. कुठलंही चाक सगळ्या बाजूंनी हुबेहूब सारख्या वजनाचं नसतं. टायरचा सांधा एका जागी थोडा जाड असतो, व्हॉल्व्ह एकाच बाजूला असतो, रिमचा जोड असतो. समजा १८ इंची रिमच्या एका बाजूला ३० ग्रॅम वजन जास्त आहे. तीस ग्रॅम म्हणजे चिमूटभर शेंगदाणे. पण चाक फिरलं की हेच वजन गोफणीतल्या दगडासारखं बाहेर ओढ घेतं. ताशी ३० किलोमीटर वेगाला ही ओढ साधारण अर्ध्या किलोची होते. ६० ला दोन किलोंच्या थोडी वर जाते आणि ९० ला जवळजवळ पाच किलो. वेग दुप्पट झाला की ओढ चौपट होते. आणि ही ओढ सतत दिशा बदलत असते, वर, पुढं, खाली, मागं. साठच्या वेगाला चाक सेकंदाला जवळजवळ नऊ फेरे घेतं, म्हणजे सेकंदाला नऊ वेळा हा दोन किलोचा हिसका पुढच्या शॉकअपला आणि हँडलला बसतो. घाटात तीसच्या वेगानं जाताना हाच हिसका अर्ध्या किलोचा असतो आणि खड्ड्यांच्या दणक्यांत तो कळतही नाही. म्हणून तो तरुण सांगत होता ते बरोबर होतं. घाटात काही नाही आणि महामार्गावर थरथर. तोल बिघडल्याचं हे एक लक्षण नक्की आहे. पण ते एकट्या तोलाचं लक्षण नाही. त्याकडे पुढं येतोच.

आता मणी काय करतात? ही कल्पना मुळात खोटी नाही, हे आधी सांगायला हवं. फिरणाऱ्या यंत्राचा तोल सुट्या गोळ्यांनी साधायचा, हा विचार शंभर वर्षांपूर्वीपासूनचा आहे. १९३० च्या दशकात थर्ल नावाच्या अमेरिकी अभियंत्यानं गोळ्यांवर चालणारं तोलयंत्र मांडलं होतं. पुढं संगणकाच्या सीडी ड्राइव्हमध्ये तबकडी फार वेगानं फिरवायची वेळ आली, तेव्हा तिच्या खालच्या चकतीत बारीक गोळ्या घातल्या गेल्या. आणि सगळ्यात जवळचं उदाहरण कपडे धुण्याच्या मशीनचं. वरून झाकण उघडणाऱ्या मशीनच्या टबाच्या वरच्या काठाला एक पोकळ कडं असतं. त्यात पुष्कळदा मिठाचं पाणी भरलेलं असतं. कपडे एका बाजूला गोळा झाले की ते पाणी दुसऱ्या बाजूला जाऊन तोल सांभाळतं.

पण कुठली बाजू जड आहे हे पाण्याला किंवा मण्याला कळतं कसं? बाप लहान मुलाचे हात धरून त्याला गरगर फिरवतो, तेव्हा तो स्वतः थोडा मागं रेलतो. दोघं मिळून एका मधल्या बिंदूभोवती फिरत असतात. तो बिंदू बापाच्या पायांच्या बरोबर मध्ये नसतो, मुलाच्या बाजूला थोडा सरकलेला असतो. मोकळं लटकलेलं, वेगानं फिरणारं चाकही असंच वागतं. ते आपल्या एक्सलभोवती न फिरता, जड बाजूकडे सरकलेल्या बिंदूभोवती फिरू पाहतं. त्यामुळे हलकी बाजू त्या बिंदूपासून जास्त लांब पडते. मणी नेहमी जास्तीत जास्त लांब जायला बघतात, म्हणून ते हलक्या बाजूला गोळा होतात. तोल आपोआप साधतो.

इथं 'मोकळं लटकलेलं' आणि 'वेगानं' हे दोन शब्द महत्त्वाचे आहेत, आणि व्हिडिओत नेमके तेच सुटतात. कपडे पिळायला मशीन सुरू होतं तेव्हा आधी धडधड करतं, सगळं हादरतं, आणि एका वेगाच्या पुढं गेल्यावर एकदम शांत होतं. हे घराघरांत पाहिलेलं आहे. त्या धडधडीच्या वेगाच्या अलीकडे सगळं उलटं असतं. तिथं जड बाजूच बाहेर झुकते, आणि सुट्या गोळ्या किंवा पाणीही तिकडेच जातं. म्हणजे तोल सुधारायच्या ऐवजी बिघडतो. पलीकडे गेल्यावर मात्र गणित जमतं. मोटारसायकलच्या चाकालाही असा एक वेग असतो. टायरची लवचीकता आणि चाकाचं वजन धरून ढोबळ हिशेब केला तर तो ताशी ८० किलोमीटरच्या पुढं कुठंतरी येतो. गाडीगणिक तो बदलेल. पण तीस-चाळीसच्या आसपास नक्कीच नाही.

व्हिडिओत पारदर्शक बाटलीत किंवा बरणीत मणी घालून ती दोरीला किंवा स्प्रिंगला टांगून ड्रिलनं फिरवतात. बरणी आधी लडबडते, मग मणी एका बाजूला जमतात आणि ती स्थिर होते. ते खरंच होतं, त्यात हातचलाखी नाही. पण ती बरणी मोकळी लटकलेली असते आणि धडधडीच्या वेगाच्या कितीतरी पुढं फिरत असते. आतून गुळगुळीत असते. ती रस्त्यावर टेकलेली नसते, तिच्यावर दोन माणसांचं ओझं नसतं, आणि तिला मोलगीच्या रस्त्यावरचे खड्डे माहीत नसतात.

आणखी एक हिशेब मला महत्त्वाचा वाटतो. साठच्या वेगाला टायरच्या आतल्या पृष्ठभागावर मणी किती जोरानं दाबला जातो? त्याच्या स्वतःच्या वजनाच्या सुमारे ९० पट. आणि त्याला आडवं सरकवून हलक्या बाजूला नेणारा जोर किती? पुढच्या चाकाचं वजन बारा किलो धरलं, जास्तीचं वजन तेच ३० ग्रॅम धरलं, तर हा जोर मण्याच्या वजनाच्या जेमतेम पाचव्या हिश्श्याएवढा येतो. म्हणजे दाबून धरणारा जोर सरकवणाऱ्या जोराच्या जवळजवळ पाचशे पट. पोलादी खोबणीत पोलादी गोळी एवढ्याशा जोरानंही घरंगळेल. रबरावर काचेचा मणी सहजासहजी घरंगळणार नाही. तो जिथं आहे तिथंच राहील. मण्यांची बाजू घेणारे याला उत्तर देतात, आणि ते उत्तर अगदीच टाकाऊ नाही. ते म्हणतात, टायर दर फेऱ्यात रस्त्याला टेकतो तिथं चपटा होतो. त्या क्षणी मण्यावरचा दाब जवळजवळ नाहीसा होतो, शिवाय रस्त्याची बारीक थरथर असतेच, त्यात मणी सुटे होऊन हळूहळू जागेवर जातात. सपाट डांबरी रस्त्यावर, लांब पल्ल्याला, सारख्या वेगानं हे काही प्रमाणात घडत असेल. म्हणूनच काही अनुभवी चालक मण्यांचं मनापासून कौतुक करतात आणि तेवढेच अनुभवी दुसरे चालक काहीही फरक पडला नाही म्हणतात. दोघांनाही मी खोटं ठरवत नाही.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. मणी बहुतेकदा घातले जातात ते टायर बदलताना. जुना, एका बाजूनं झिजलेला टायर निघतो, नवा बसतो, रिम साफ होते, हवा मापात भरली जाते, आणि त्याच वेळी मणीही आत जातात. गाडी गुळगुळीत चालायला लागते आणि सगळं श्रेय मण्यांना मिळतं. खरी परीक्षा करायची तर चांगल्या चाकाच्या रिमवर मुद्दाम ३० ग्रॅमचं वजन चिकटवून, त्याच रस्त्यावर, त्याच वेगानं, मणी घालून आणि न घालता गाडी चालवून पाहायला हवी. एवढा खटाटोप कोण करतो?

मण्यांचे फायदे नाहीत असं नाही. पहिला फायदा आपल्यासारख्या भागाला खरोखर लागू पडतो. मोटारींची चाकं मशीनवर बॅलन्स करून देणारी दुकानं शहरात असतात, पण मोटारसायकलचं चाक त्या मशीनवर बसवायला वेगळं साधन लागतं आणि ते सगळीकडे नसतं. काठीच्या माणसानं दोन चाकं खोलून घेऊन कुठं कुठं हिंडायचं? मणी घातले तर मशीन लागत नाही. दुसरं असं की रिमवर चिकटवलेली शिशाची किंवा लोखंडी वजनं चिखलानं, नाल्यातून गाडी घातल्यानं, धुताना फवारा मारल्यानं निघून जातात. मणी आत असल्यानं पडत नाहीत. तिसरं म्हणजे टायर झिजत जातो तसा जड भाग बदलतो. चिकटवलेलं वजन जागचं हलत नाही, मणी निदान तत्त्वतः नव्या परिस्थितीशी जुळवून घेऊ शकतात. ट्रकच्या मोठ्या टायरांत, महामार्गावर तासन्‌तास एका वेगानं चालताना, या गोष्टीला किंमत आहे.

आता दुसरी बाजू, आणि इथं मी जरा जास्त थांबणार आहे, कारण पंक्चरच्या दुकानात रोज जे दिसतं ते व्हिडिओत दिसत नाही.

आपल्याकडच्या नव्या बऱ्याच गाड्यांना अलॉय चाकं आणि ट्यूबलेस टायर येतात. तारांच्या, म्हणजे स्पोकच्या चाकात मात्र बहुधा ट्यूबच असते, आणि डोंगरातल्या रस्त्यांवर अशा जुन्या गाड्या अजून पुष्कळ आहेत. ट्यूब असेल तर मणी ट्यूबच्या आत घालावे लागतात. टायर आणि ट्यूबच्या मध्ये पडले तर ते ट्यूब घासून भोक पाडतील. ट्यूबच्या आतही सांधे आणि घड्या असतात, मणी तिथं अडकून बसतात. आणि ट्यूबला पंक्चर झालं, ट्यूब बदलायची वेळ आली, की मण्यांचे पैसे गेले. आपल्या रस्त्यांवर बाभळीचे काटे किती आणि पंक्चर किती, हे मी सांगायला नको.

व्हॉल्व्हची अडचण वेगळी. हवा भरताना किंवा मापताना पिन दाबली की आतली हवा बाहेर येते, आणि तिच्याबरोबर एखादा बारीक मणी पिनमध्ये येऊन अडकतो. मग पिन नीट बसत नाही आणि हवा हळूहळू उतरत राहते. सकाळी चाक बसलेलं दिसतं, माणूस पंक्चर शोधत बसतो आणि पंक्चर सापडत नाही. म्हणून चांगल्या मण्यांबरोबर जाळी असलेली पिन देतात. पंक्चरवाल्यानं ती काढून साधी पिन बसवली की पुन्हा तेच. ट्यूबलेस टायर बसवताना एखादा मणी टायरची कड आणि रिम यांच्यामध्ये सापडला तरी तिथून हवा निसटते. आणि टायर उतरवला की मणी जमिनीवर सांडतात. मोहरीएवढे काचेचे मणी धुळीतून वेचून बघा एकदा.

पाणी हा मण्यांचा मोठा शत्रू. पावसाळ्यात कंप्रेसरच्या टाकीत पाणी साठतं, ते काढलं नसेल तर हवेबरोबर ते टायरात जातं. ओले मणी गोळा होऊन एका जागी चिकटतात. म्हणजे तोल सुधारायला घातलेले २८ ग्रॅम, तोल बिघडवायला एकाच जागी ठाण मांडून बसतात. तेच पंक्चर थांबवणाऱ्या चिकट द्रवाचं. आपल्याकडे ट्यूबलेस टायरात तो सर्रास घालतात, आणि काट्यांच्या मुलखात तो उपयोगीही आहे. पण द्रव आणि मणी एकत्र नांदत नाहीत. दोन्हींपैकी एकच निवडावं लागतं. काही टायर कंपन्या तर आतमध्ये असे द्रव किंवा तोल साधणारे पदार्थ घालूच नका असं सांगतात. तेव्हा आपल्या टायरच्या कंपनीचं म्हणणं काय आहे ते आधी विचारून घ्यावं.

आणि मणी महाग वाटले म्हणून घरचा प्रयोग करू नका. सायकलच्या बेअरिंगचे छर्रे, नदीची वाळू, बारीक खडी असले उपाय लोकांना सुचतात. छर्रे गंजतात आणि आतून रबर कातरतात. वाळूचे दाणे गुळगुळीत नसतात, ते घासत राहतात आणि त्यांची पूड होऊन पिनेत जाऊन बसते. परदेशात खेळण्यातल्या बंदुकीच्या प्लॅस्टिकच्या गोळ्या घालून पाहणारेही आहेत. ते त्यांच्या जबाबदारीवर.

पण माझा सगळ्यात मोठा आक्षेप यांतला कुठलाच नाही. थरथर हे दुखणं नसून दुखण्याचं लक्षण आहे, आणि मणी घातले की माणूस खरं दुखणं शोधायचं थांबतो, हा माझा आक्षेप आहे. डोंगरातल्या रस्त्यावर चाललेल्या गाडीत तोल हा बहुतेकदा शेवटचा संशयित असतो. रिमला आऊट असतो. खड्ड्यात आदळून रिम वाकते, तारा ढिल्या होतात, आणि चाक फिरताना डावी-उजवीकडे लहरत जातं. मण्यांनी वाकलेली रिम सरळ होत नाही. गाडी मधल्या स्टँडवर घ्या, चाक हातानं फिरवा, आणि चिमट्याला किंवा शॉकअपला टेकवून एक काडी रिमजवळ धरा. काडी आणि रिममधलं अंतर कमी-जास्त होत असेल तर आऊट आहे. तारांवर पान्यानं टिचकी मारत जा, ढिली तार बद्द वाजते, ताणलेली टणटणीत. एवढं तर घरी कुणालाही करता येतं.

त्याहून नेहमीचं कारण म्हणजे टायर रिमवर नीट न बसणं. टायरच्या बाजूला, रिमच्या अगदी जवळ, एक बारीक उठावाची रेष सगळीकडून गेलेली असते. ती रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. एका बाजूला ती रिममध्ये बुडालेली असेल तर टायर तिथं खाली राहिलाय, आणि चाक दर फेऱ्याला उडी मारणार. हवा काढून, कडेला साबणाचं पाणी लावून, पुन्हा नीट हवा भरली की काम होतं. खर्च शून्य. टायरवर पिवळा ठिपका असेल तर ती टायरची हलकी बाजू असते. बसवताना ती व्हॉल्व्हजवळ आणायची असते, म्हणजे व्हॉल्व्हचं वजन तिथं उपयोगी पडतं. पंक्चरवाले घाईत याकडे बघत नाहीत.

मग हँडलखालचा कोनसेट, पुढच्या चाकाची बेअरिंगं, मागच्या चिमट्याचे बुश. ढोबळ ओळख अशी. वीस-तीसच्या वेगालाच गाडी उडत असेल तर आऊट किंवा टायर बघा. वेग कमी होताना, चाळीस-पन्नासच्या दरम्यान, हँडल डुलत असेल तर कोनसेट आणि पुढच्या टायरची झीज बघा. वळणावर मागचा भाग शेपटीसारखा हलत असेल तर चिमट्याचे बुश आणि मागची हवा. फक्त साठच्या पुढं, सरळ रस्त्यावर, एका ठरावीक वेगाच्या पट्ट्यात थरथर आली आणि त्याच्या पुढं-मागं कमी झाली, तर मग तोलाचा संशय घ्या. आणि मागं दोन माणसं आणि पिशव्या लादल्या की पुढचं चाक हलकं होतं, मग चांगलं हँडलही भिरभिरतं. रात्रभर होळीत जागून पहाटे तिघांनी एका गाडीवर देवगोई उतरायचा, त्याला मणी काय करतील?

तोलच बिघडला असेल तर तो घरी साधता येतो. मोटारसायकलचं चाक अरुंद असतं, त्यामुळे मोटारीच्या चाकासारखी फिरवून पाहणारी मशीन लागतेच असं नाही. चाक खोलायचं, ब्रेकची प्लेट काढायची, एक्सल आत घालून तो दोन सारख्या उंचीच्या स्टुलांवर किंवा विटांच्या दोन थरांवर ठेवायचा. चाक अधांतरी राहील असं बघायचं. हलकेच फिरवून सोडायचं. थांबलं की वरच्या बाजूला खडूनं खूण करायची. तीन-चारदा करा. दर वेळी तीच खूण वर आली तर वरची बाजू हलकी आहे. बेअरिंगं कोरडी किंवा जड असतील तर आधी ती बदला, नाहीतर चाक मनाला येईल तिथं थांबेल. आता खुणेपाशी रिमवर थोडं थोडं वजन लावत जायचं. मापाला नाणी चालतात. २०११ च्या मालिकेतलं दोन रुपयांचं नाणं जवळजवळ पाच ग्रॅमचं आहे. ते टेपनं चिकटवायचं, फिरवून बघायचं, लागलं तर दुसरं. चाक कुठंही सोडलं तरी तिथंच थांबायला लागलं की झालं. मग नाणी काढून तेवढ्या वजनाचं चिकटवायचं वजन बसवायचं. तारांचं चाक असेल तर तिथल्या तारेवर शिशाची किंवा डाग द्यायची जाड तार घट्ट गुंडाळायची. आमचे जुने मिस्तरी हेच करायचे, आणि ती गुंडाळलेली तार कित्येक पावसाळे टिकायची.

आता मूळ प्रश्न. मणी घालावेत कुणी? ज्याची गाडी मोठी आहे, टायर ट्यूबलेस आहे, रोजचं चालवणं चौपदरी महामार्गावर ऐंशी-शंभरच्या वेगात आहे, रिम सरळ आहे, बाकी सगळं तपासून झालं आहे, आणि टायर कंपनीची हरकत नाही, त्यानं खुशाल घालून पाहावेत. त्याला फायदा झाला नाही तरी तोटा फारसा होणार नाही. काठी-मोलगी-अक्कलकुवा या रस्त्यावर तीस-चाळीसनं जाणाऱ्या, ट्यूब असलेल्या गाडीत मणी घालायला मी सांगणार नाही. त्या वेगाला ते काम करण्याचा संभव फार कमी. मण्यांच्या पुडीच्या पैशात पुढच्या चाकाचा आऊट काढून, दोन बेअरिंगं बदलून, बहुधा वर चहाचे पैसेही उरतील. त्या तरुणालाही मी आधी आऊट आणि टायरची रेष बघायला सांगितलं, मणी नंतर.

ज्यांनी मणी आधीच घातले आहेत त्यांच्यासाठी दोन गोष्टी. पंक्चर काढायला गेलात तर पंक्चरवाल्याला आधीच सांगा, की आत मणी आहेत. नाहीतर तो टायर उघडेल आणि वर तुम्हालाच विचारेल, "हे काय भरलंय?" ट्यूबलेस टायरला बाहेरून दोरीचं पंक्चर काढायचं असेल तर चाक फिरवून भोक वरच्या बाजूला आणायचं. मणी खाली जाऊन बसतात, त्यामुळे सळई खुपसताना बाहेर येत नाहीत. आणि हवा भरताना किंवा मापताना व्हॉल्व्हही वरच्या बाजूला घ्यायचा, खालच्या नाही.